फाइलीत उरला एकच पासपोर्ट

१

रेक्टरबाई लिफ्टमधून बाहेर आल्या तेव्हा फ्लॅटचं दार सताड उघडं होतं आणि दारात त्यांची धाकटी बहीण उभी होती. बाहेर जायचे कपडे अंगावर, केस नीट विंचरलेले आणि चप्पल एकाच पायात.

"ताई, माझा पासपोर्ट नाहीये," ती म्हणाली. "फाइलीत होता. आता नाहीये."

"जाईल कुठे? चल, आत बघू."

आत बघायचं काही शिल्लक नव्हतं. सोफ्याच्या गाद्या जमिनीवर आल्या होत्या, टेबलाचे खण उपडे पडले होते. पलंगाखालून दोन लांबलचक पाय बाहेर आले होते, ते भाच्याचे. त्याची बायको गुडघ्यांवर बसून चपलांच्या कपाटातला एकेक जोड झटकत होती. व्हिसाची कामं करणारा एजंट कानाला फोन लावून गॅलरीत येरझाऱ्या घालत होता. बहिणीचा नवरा पुस्तकांच्या कपाटापुढे ताठ उभा राहून वरच्या कप्प्यातलं एकेक पुस्तक काढी, पानं झाडी आणि परत जागच्या जागी ठेवी.

बहिणीला घरात सगळे बेबीच म्हणत. साठी उलटली, भूगोलाची शिक्षिका म्हणून निवृत्त झाली, तरी बेबीच. पहिला नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. गेल्या वर्षी ती घड्याळाचा पट्टा बदलायला म्हणून एका दुकानात गेली आणि काही महिन्यांनी त्या दुकानदाराशी नोंदणी पद्धतीने लग्न करून मोकळी झाली. घड्याळवाले स्वभावाने गरीब, बोलणं मोजकं. मुलाला हे लग्न गिळायला वेळ लागला. पण सुनेने पुढाकार घेतला आणि दोघांनी मिळून नव्या जोडप्याला एक सहल भेट दिली, तीही बेबीने आयुष्यभर फळ्यावर शिकवलेल्या देशाची. उत्तरेच्या पार टोकाला, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही.

आज दुपारी व्हिसा केंद्रात दोघांची वेळ होती. कागद द्यायचे, बोटांचे ठसे द्यायचे, झालं. रेक्टरबाई सोबतीला म्हणून आल्या होत्या.

त्यांनी मुलींचं वसतिगृह सांभाळण्यात सारी नोकरी घालवली होती. खोटं बोलणारी मुलगी त्यांना जिन्यावरच्या पावलांवरून कळायची, असं माजी विद्यार्थिनी अजून सांगत. पण आत्ता त्यांना काळजी होती, ती दुसऱ्याच गोष्टीची. बेबीला काचबिंदू होता. कडेचं दिसणं हळूहळू कमी होत चाललं होतं. जे पाहायचं ते याच उन्हाळ्यात पाहून घ्या, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बेबीने हे एकट्या ताईला सांगितलं होतं, ते शपथ घालून.

त्यांनी फाइल उघडली. सगळे कागद क्रमाने लावलेले, वर घड्याळवाल्यांचा पासपोर्ट, त्याला रबरबँड.

"दोन्ही पासपोर्ट या एकाच रबरात होते," एजंट आत येत म्हणाला. "काल संध्याकाळी मी स्वतः पाहून बांधले. मग फाइल या टेबलावरच होती."

"तुम्ही गेल्यावर कोण आलं?"

"कोणीच नाही," बेबी म्हणाली. "मुलगा-सून तुमच्या मागोमागच निघाले. आम्ही कडी लावली ती सकाळी उघडली."

रेक्टरबाईंनी रबरबँडला बोट लावलं. एकाच पासपोर्टवर सैल पडू नये म्हणून कोणीतरी तो दुहेरी वळवून बसवला होता. नुसता हरवलेला पासपोर्ट जाताना एवढ्या निगुतीने आवराआवर करत नाही.

"हरवलेला नाही हा," त्या म्हणाल्या. "काल संध्याकाळी या खोलीत जे होते, त्यांच्यापैकीच कोणीतरी काढून घेतलाय."

पलंगाखालचे पाय हलायचे थांबले.

२

"मॅडम, माझ्यावर संशय घेऊ नका हां," एजंटने गॅलरीत पाऊल टाकताच सुरुवात केली. "आज वेळ चुकली की पुढची तारीख मिळवायला पुन्हा मलाच नाचावं लागणार."

"आणि पुन्हा फी घेणार."

तो कसनुसा हसला. "घेईन ना. पण पासपोर्टच नाही म्हटल्यावर तारीख कशाची? आधी पोलिसांत तक्रार, मग नवीन पासपोर्ट, मग अर्ज. तोवर उन्हाळा संपतो. तिकडे सूर्य वेळेवर मावळायला लागतो."

हे रेक्टरबाईंना कोणी सांगायला नको होतं.

"यातून मार्ग काय?"

"मी म्हटलं, काकांचं तरी आज उरकून घेऊ. त्यांचा पासपोर्ट आहे, त्यांचे ठसे होऊन जाऊ देत. पण काका ऐकायलाच तयार नाहीत. तिच्याशिवाय मी एकटा पायरी चढणार नाही, म्हणाले. तुमच्या बहिणीच्या, मॅडमच्या, तर डोळ्यांत पाणीच आलं."

"काल काय काय झालं ते सांगा. काही गाळू नका."

एजंट आठवून आठवून सांगू लागला. आधी चहा झाला. मग त्याने अर्जातला एकेक प्रश्न मोठ्याने वाचला आणि उत्तरं लिहून घेतली. पूर्वी कोणत्या देशाने व्हिसा नाकारलाय का, परत पाठवलंय का, हा प्रश्न आला तेव्हा मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, अहो, ह्यांनी विमानसुद्धा जवळून पाहिलेलं नाही, लिहा दोघांचं नाही. त्याने लिहिलं.

"आणि काका काय म्हणाले?"

"काका पाणी आणायला आत गेले होते बहुतेक." एजंटने मान खाजवली. "मग त्यांच्या बोटांचा विषय निघाला. पट्ट्या आहेत ना बोटांना, भाजलंय म्हणे. मी म्हटलं, काळजी करू नका. ठसे उमटले नाहीत तर बोटं भरल्यावर पुन्हा बोलावतात, तेवढाच एक हेलपाटा. असं सोडत नाहीत ते कुणाला."

"बरं. मग?"

"मग जरा वाजलं. मुलाने विचारलं, आई, परत आल्यावर या घरात राहणार की त्यांच्या? मॅडम चिडल्या. तोही चिडला. सूनबाईंनी कसंबसं मिटवलं." त्याने खोलीकडे एक नजर टाकली आणि आवाज एकदम खाली आणला. "मॅडम, मी घरातल्या भानगडीत पडत नाही. पण एक सांगतो. निघताना मी बुटांचे बंद बांधायला वाकलो होतो. त्या मुलाने टेबलाजवळून काहीतरी चपटं उचललं आणि कोटाच्या आतल्या खिशात घातलं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

३

भाचा ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. नवशिक्यांनी गाडी कुठेही घातली तरी आवाज न चढवणारा माणूस, पण आत्ता मावशीने स्वयंपाकघरात बोलावलं तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"पिंट्या, कोटाच्या खिशात काय घातलंस काल?"

"कोणी सांगितलं?"

"मी विचारतेय."

तो ओट्याच्या कडेवर बोट घासत उभा राहिला. एवढासा असताना शेजाऱ्यांची काच फोडून असाच उभा राहायचा. मग त्याने कोट आणला आणि आतल्या खिशातून एक छोटी चौकट काढून ओट्यावर ठेवली. त्याच्या वडिलांचा फोटो होता. टेबलाशेजारच्या फळीवर कायम असायचा तो.

"ती दोघं हिंडायला जाणार, परत येऊन इथेच राहणार," तो म्हणाला. "बाबांनी इथे बसून काय बघायचं, सांग ना मावशी? म्हणून घेऊन गेलो. आईला सांगवत नव्हतं."

"पासपोर्ट?"

"मावशी, या सहलीचे निम्मे पैसे माझे आहेत. मी रागावतो, पण आईच्या तोंडचा घास काढणारा वाटतो का तुला?"

वाटत नव्हता. फळीवर फोटोएवढी चौकोनी स्वच्छ जागा धुळीत उमटलेली त्यांनी मघाशीच पाहिली होती. त्यांनी फोटो परत त्याच्या हातात दिला आणि सुनेला बोलावलं.

सून दातांची डॉक्टर होती. सासूबाई दवाखान्यात तिच्या रुग्णांच्या वेळा सांभाळायच्या. त्या महिनाभर नसत्या तर हिचीच तारांबळ उडाली असती. रेक्टरबाईंनी आडपडदा न ठेवता तेच विचारलं.

"म्हणून मी पासपोर्ट लपवीन?" सून चक्क हसली. "मावशी, एक मुलगी ठेवलीये मी महिन्यासाठी. आईंनी तिला शिकवलंसुद्धा. विचारा त्यांना."

"तुझा कोणावर संशय आहे?"

"कोणावरच नाही. शोधतोय तर सगळेच. मी आणि हे तर जमिनीला नाक लावून शोधतोय. काका बिचारे वाकू शकत नाहीत, पाठीत उसण भरलीये म्हणाले."

"कधी भरली?"

"आज सकाळीच. काल तर माझ्या पर्सची साखळी सोफ्याखाली गेली, ती त्यांनीच पटकन वाकून काढून दिली." ती बोलता बोलता थांबली. तिच्या मनात काहीतरी होतं आणि ते बोलावं की नाही याचा ती विचार करत होती. शेवटी तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"मावशी, एक गोष्ट मला कालपासून खुपतेय. सही करताना काकांच्या एका बोटाची पट्टी निघाली. मी म्हटलं, दाखवा, मलम लावते. त्यांनी हात झटकन मागे घेतला. पण मला दिसलं ते दिसलं." तिने स्वतःचं बोट पुढे करून टोकावरून अंगठा फिरवला. "भाजलं की फोड येतो, कातडी फुगते. तसं काही नव्हतं. ते भाजलेलं नाहीये, मावशी. घासलेलंय. कानशीने घासावं तसं."

४

रेक्टरबाई बहिणीच्या खोलीत गेल्या. बेबी पलंगाच्या कडेवर बसली होती. दुसरी चप्पल अजून पायात गेली नव्हती.

"सापडला?"

"सापडेल."

"नाही सापडला तर राहू दे, ताई. नशिबात नसेल." तिने डोळे पुसले. "ह्यांनी आधीच म्हटलं होतं, दुसरीकडे जाऊ. कुठलंसं बेट आहे, तिथे आधी व्हिसा लागत नाही, विमानतळावरच शिक्का मारतात. मीच हट्ट धरला."

"त्यांना का नको होता हा देश?"

"नको नव्हता गं. माझीच काळजी वाटते त्यांना. थंडी सोसायची नाही म्हणतात. आपण उन्हाळ्यात जातोय, मी सांगितलं, तरी किती समजावलं मला! तिथे कडाक्यात कधी दाराच्या लोखंडी कडीला उघडा हात लावू नकोस, कातडी चिकटते, ओढली की सोलून निघते. ओले मोजे हीटरवर वाळवू नकोस, वास सगळ्या इमारतीत जातो आणि शेजारी तक्रार करतात. उन्हाळ्यात खिडकीला जाड गोधडी ठोकायची, नाहीतर झोपेचं खोबरं. कुठे वाचलं कोण जाणे. साधा बटणांचा फोन वापरतात, वर्तमानपत्रात फक्त शब्दकोडं सोडवतात."

रेक्टरबाई तिच्या शेजारी पलंगावर बसल्या. त्यांनी बहिणीचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"ताई? काय झालं?"

"डोळ्यांचं त्यांना सांगितलंयस?"

"नाही. लग्नाला वर्ष नाही झालं, आणि म्हणू, आता मला हाताला धरून चालवा? परत आल्यावर सांगेन."

बाहेर एजंट सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होता की आता निघालो तरच वेळेत पोचू, नाहीतर तो केंद्राला फोन करून दोघांचं रद्द करून टाकतो.

"अजून फोन करू नका," रेक्टरबाई खोलीतूनच ओरडल्या. मग बाहेर येऊन पुस्तकांच्या कपाटापाशी गेल्या.

"तुम्ही जरा स्वयंपाकघरात या," त्या घड्याळवाल्यांना म्हणाल्या. "आणि बाकी कोणी येऊ नका."

५

घड्याळवाले आत आले आणि ओट्याला टेकून उभे राहिले. स्टूल होतं, पण ते बसले नाहीत.

"बसा की."

"उभा बरा आहे, ताई. पाठ."

"पाठ ठणठणीत आहे तुमची." रेक्टरबाईंनी दाराला आतून कडी घातली. वसतिगृहातही त्या कुणाची चौकशी चारचौघींत करत नसत. "मी माझं बोलते. चुकलं तर थांबवा.

"सगळे विचारतायत, बेबी जाऊ नये असं कोणाला वाटतं. मीही सकाळभर तेच धरून बसले. पण पासपोर्ट गेल्याने झालं काय? आज तिचे ठसे होणार नाहीत, आणि तुमचेही होणार नाहीत. एजंटने सुचवलं, तुम्ही एकटे द्या. तुम्ही नाही म्हणालात. सगळ्यांना ते प्रेम वाटलं. असेलही. पण मग माझ्या मनात आलं, कोणाला तरी बेबीचं नाही, स्वतःचंच जाणं टाळायचं असलं तर?

"जो माणूस केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरतो, त्याची सगळी बोटं एकदम भाजतात, आणि नेमकी टोकांनाच. सून डॉक्टर आहे. ती म्हणते, बोटं घासलीयत. कानस तुमच्या दुकानात आहेच. ठसे उमटू नयेत म्हणून घासली. काल संध्याकाळी एजंट बोलून गेला की बोटं भरल्यावर पुन्हा बोलावतात, सोडत नाहीत. तुमचा तो उपाय तिथेच संपला. त्याच संध्याकाळी पासपोर्ट गेला. आधी नाही गेला, नंतर नाही गेला."

घड्याळवाल्यांनी पट्ट्यांची बोटं मुठींत मिटून घेतली.

"ठशांना कोण भितो? ज्याचे ठसे तिथे आधीच आहेत तो. तुम्ही बेबीला त्या देशाबद्दल सांगत होतात. ज्याने तो देश पुस्तकात वाचला असता, त्याने पाहायच्या जागा सांगितल्या असत्या, धबधबे, डोंगर, राजवाडा. तुम्ही लोखंडी कडी सांगितलीत. ओले मोजे सांगितलेत. तिथे पाहुणा म्हणून गेलेल्याला हे कळत नाही. तिथे हिवाळे काढलेत तुम्ही."

बाहेर एजंटचा फोन वाजला आणि बंद झाला.

"आणि पासपोर्ट," रेक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही फाडला नाहीत. फेकला नाहीत. तिच्या वस्तूचं तुमच्या हातून वाकडं होणार नाही. घर सगळं धुंडाळलं जाणार हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून घरात ठेवला नाहीत. काल सोफ्याखाली वाकलेला माणूस आज बसतसुद्धा नाही. काढा तो कमरेचा."

घड्याळवाले ओट्यापासून सरळ झाले. मग त्यांनी पाठीमागे हात नेला, सदरा वर केला आणि पट्ट्याखाली खोचलेला पासपोर्ट काढून ओट्यावर ठेवला. अंगाच्या उबेने तो किंचित वाकला होता. त्यांनी तो तळव्याने दाबून सरळ केला.

"चाळिशीला टेकलो होतो," ते म्हणाले. "सेलवरची स्वस्त घड्याळं आली आणि दुरुस्तीचा धंदा बसला. एका सहलीत नाव घातलं, टुरिस्ट व्हिसावर गेलो. बाकीचे परत आले, मी नाही आलो. बंदरावर मासळीच्या पेट्या धुवायचो. चार वर्षं. मग एका सकाळी धरलं. दोन्ही हातांचे ठसे घेतले आणि विमानात बसवलं. इथे सगळ्यांना सांगितलं, परगावी नोकरी होती."

"बेबीला का नाही सांगितलंत?"

"तिच्या डोळ्यांत मी सरळ माणूस आहे, ताई. तेवढं एकच आहे माझ्याकडे." त्यांनी पासपोर्टवरचा हात उचलला. "काल ती हसत हसत माझ्या वतीने 'नाही' म्हणाली. त्या खोट्यावर मी सहीही केली. आज ते तिथे दिलं असतं तर ठशांवरून पकडलं असतं, आणि माझ्याबरोबर तिचाही अर्ज बाद झाला असता. माझा पासपोर्ट हरवला म्हटलं असतं तर पोलिसांत माझं नाव, नवा काढायला माझी चौकशी, जुनं सगळं वर आलं असतं. म्हटलं, तिचा काही दिवस लपवू, आजची वेळ टळू दे. पुढच्या वर्षी तिला दुसरीकडे कुठे तरी नेईन."

रेक्टरबाईंना शपथ आठवली. त्यांनी ती मोडली.

"पुढच्या वर्षी तिला दिसेलच असं नाही."

आणि त्यांनी काचबिंदूचं सगळं सांगितलं. घड्याळवाले ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता. आता मात्र ते स्टुलावर बसले.

"मी तिला सांगतो," ते म्हणाले. "तुम्ही नका सांगू. मी सांगतो."

६

त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. पासपोर्ट दोन्ही हातांनी बेबीसमोर टेबलावर ठेवला, आणि बंदर, पेट्या, पोलीस, विमान, कानस सगळं एका दमात सांगून टाकलं. भाचा मधेच "अरे वा!" म्हणून पुढे सरसावला. त्याच्या बायकोने त्याचं मनगट धरलं.

बेबीने पासपोर्टला हातही लावला नाही.

"मी तुमच्या वतीने उत्तर दिलं," ती म्हणाली, "आणि तुम्ही पाणी आणायला गेलात. तिथे चार वर्षं राहिलात त्याचं मला काही नाही. पण मला एकटीला खोटं बोलायला लावून तुम्ही आत जाऊन उभे राहिलात!"

"हो."

"आणि सकाळपासून मी माझ्या पोटच्या मुलावर संशय घेत होते."

"हो." घड्याळवाल्यांनी मान वर केली नाही. "आणि तू डोळ्यांचं मला सांगितलं नाहीस. पण ते वेगळं. त्याची बरोबरी मी करत नाही."

बेबीने ताईकडे पाहिलं. ताईने नजर चुकवली. सून आणि भाचा एकमेकांकडे बघू लागले, कसलं डोळ्यांचं? बेबीने त्यांनाही सांगून टाकलं, एखाद्या परीक्षेची तारीख सांगावी तसं. भाचा जिथे होता तिथेच खाली पडलेल्या गादीवर बसला.

मग बेबी घड्याळवाल्यांकडे वळली. आवाजात राग तसाच होता, पण प्रश्न शिक्षिकेचा होता.

"खरंच मावळत नाही?"

"अं?"

"सूर्य. तुम्ही तिथे चार उन्हाळे काढलेत. खरंच मावळत नाही?"

"नाही," ते म्हणाले. "समुद्रापर्यंत खाली येतो. वाटतं, आता गेला. मग कडेकडेने सरकत राहतो आणि पुन्हा वर चढतो. मी पाळी संपवून यायचो, झोप लागायची नाही, शिव्या घालायचो त्याला. तू शेजारी असतीस तर..."

"आता वेळ आहे का?" बेबीने एजंटला विचारलं.

एजंट मघापासून हिशेब जुळवत उभा होता. "वेळ आहे. पण मॅडम, अर्ज बदलावा लागेल. तिथे बसून बदलता येतो. खरं लिहायचं, सोबत कारणांचं पत्र जोडायचं. काकांवरची बंदी केव्हाच संपली असणार. तरी देतील की नाही, मी हमी देत नाही. खोटं लिहून पकडले गेलात तर मात्र दोघंही गेलात, हे नक्की."

"खरं लिहा," बेबी म्हणाली आणि वाकून दुसरी चप्पल शोधू लागली. ती भाच्याच्या गादीखाली निघाली.

केंद्रात काचेपलीकडच्या अधिकारी बाईंनी तो प्रश्न पुन्हा विचारला. बेबी ओठ मिटून बसून राहिली. घड्याळवाले पुढे झाले आणि म्हणाले, "हो. मला परत पाठवलं होतं. सांगतो." बाईंनी सगळं टिपून घेतलं, पट्ट्या पाहिल्या आणि बोटं भरली की परत या म्हणून सांगितलं. बोटं भरल्यावर ते पुन्हा गेले. बरोबर बेबी होतीच. दोघांत बोलणं अजून कमीच होतं, पण ती रिक्षात त्यांच्या शेजारी बसली होती.

काही आठवड्यांनी दोन पाकिटं आली. बेबीच्या पासपोर्टात व्हिसा चिकटवलेला होता. घड्याळवाल्यांच्या पासपोर्टात नुसती नकाराची चिठ्ठी.

बेबीने दोन दिवस कोणाशी धड बोलणं केलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मीही नाही जात. तेव्हा घड्याळवाल्यांनी तिच्यावर पहिल्यांदा आवाज चढवला. "तू जायचं," ते म्हणाले. "परत येऊन मला सांगायचं. मी तो नीट पाहिलाच नाही, माझं लक्ष पेट्यांत होतं." सुनेने दवाखान्यातल्या त्या नव्या मुलीला सगळ्या वेळा पुढे ढकलायला लावल्या, धावपळ करून स्वतःचा व्हिसा काढला आणि सासूबरोबर ती निघाली.

विमानतळावर पोचवायला भाचा गाडी घेऊन आला. बेबी आत जाताना काचेच्या दारापाशी थांबली, परत मागे आली आणि सगळ्यांदेखत घड्याळवाल्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट करून गेली.

परतीच्या वाटेवर गाडीत तिघंच होते. भाचा गाडी चालवत होता, घड्याळवाले त्याच्या शेजारी, रेक्टरबाई मागे. घड्याळवाल्यांचं जुनं घर दुकानाच्या वर होतं. बेबी नसताना तिथेच राहीन, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पिशवीही भरून आणली होती, ती मांडीवर होती.

दुकानाकडे वळायचा चौक आला. गाडी वळली नाही. सरळ पुढे गेली, भाच्याच्या घराच्या रस्त्याला लागली.

"अरे, वळण..." रेक्टरबाई म्हणायला गेल्या. तेवढ्यात त्यांना समोरच्या आरशात भाच्याचे डोळे दिसले. रोज शंभर जणांना वळणं शिकवणारा तो माणूस. तो चुकला नव्हता.

घड्याळवाल्यांनी खिडकीतून मागे गेलेल्या चौकाकडे पाहिलं, मग भाच्याकडे पाहिलं आणि मांडीवरची पिशवी काढून पायांपाशी ठेवली.

रेक्टरबाईंनी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.